गुन्हेगाराच्या मेंदूची टेस्ट आली कुठून

आपल्या इंदुरात २०११ साली एकाच घरातल्या तीन बायकांचा खून झाला होता, आठवत असेल बऱ्याच जणांना. खालच्या कोर्टाने तिन्ही आरोपींना फाशी दिली, हायकोर्टाच्या इंदूर बेंचने ती कायम ठेवली, पण २० मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात ती बदलून किमान २५ वर्षांची जन्मठेप केली. म्हणजे कोणी सुटलं नाही, हे आधी लक्षात घ्या. मोठी गोष्ट ही की फाशी द्यायची का हे ठरवण्याआधी आरोपीची मानसिक तपासणी करून सरकारनेच ती कोर्टापुढे ठेवायची, असं त्या निकालात सांगितलंय.

इथवर यायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली आणि सुरुवात फार वाईट होती. लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी, जबडा, कान बघून ती ओळखता येतात. मग इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या जेलच्या डॉक्टरने सुमारे ३००० कैद्यांची मापं घेतली आणि १९१३ मध्ये दाखवून दिलं की गुन्हेगाराची अशी वेगळी ठेवण वगैरे काही नसते. पण कैदी बुद्धीने कमी असतात हे त्याचंही मत होतं, आणि कवटीची जागा हळूहळू आयक्यूने घेतली. मला हे जास्त घातक वाटतं, कारण आकडा दिसला की माणूस विश्वास ठेवतो, आणि ज्याने शाळाच बघितली नाही त्याला परक्या भाषेत प्रश्न विचारले तर मार्क कमीच पडणार ना. व्ही. व्ही. कामतांनी धारवाडला बिनेची बुद्धी मोजायची टेस्ट मराठी आणि कानडीत बसवली खरी, पण ती मुलांसाठी.

१९४८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची कार्डांची टेस्ट आली, ती मात्र वेगळी. समोर चार कार्डं, हातात गड्डी, आणि रंगावरून जुळवायचं, आकारावरून की संख्येवरून, हे कोणी सांगत नाही, फक्त बरोबर की चूक तेवढं कळतं. सलग दहा बरोबर आली की गुपचूप नियम बदलतो. कपाळामागचा मेंदूचा भाग नीट चालत नसेल तर 'चूक, चूक' ऐकूनही माणूस जुन्याच नियमाने कार्डं लावत राहतो.

१९९७ मध्ये एड्रियन रेन या मानसशास्त्रज्ञाने खुनाच्या ४१ आरोपींचं पेट स्कॅन केलं (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते त्यात दिसतं) आणि त्याच भागाचं काम त्यांच्यात मंद दिसलं. पण हे सगळे वेडेपणाचा बचाव घेतलेले लोक होते, म्हणून त्यावरून प्रत्येक खुन्याचा मेंदू असाच असं म्हणणं चूकच, आणि डोक्याला मार लागलेले कितीतरी लोक आयुष्यात कोणावर हात उगारत नाहीत.

मनोज निकालात वेळेवर भर आहे तो उगीच नाही. तपासणी खालच्या कोर्टातच, गुन्ह्याच्या काळाच्या जमेल तितकी जवळ व्हायला हवी, कारण दहा वर्षं जेलमध्ये काढलेल्या माणसाची टेस्ट घेतली तर मेंदू आधीच असा होता की जेलने केला, हे कोणता डॉक्टर सांगणार?