यू-१८० (जर्मन पाणबुडी)

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन नौदलाची लांब पल्ल्याची पाणबुडी. सुभाषचंद्र बोस यांना जर्मनीहून हिंदी महासागरापर्यंत नेणारी पाणबुडी म्हणून ती भारतात ओळखली जाते. ब्रेमेनच्या गोदीत बांधलेली ही पाणबुडी १६ मे १९४२ रोजी नौदलात दाखल झाली. तिचा पहिला कप्तान व्हेर्नर मुझेनबेर्ग. सेवेच्या सव्वादोन वर्षांत तिने दोनच मोहिमा केल्या आणि दोनच जहाजे बुडवली.

आयएक्सडी-१ या वर्गात यू-१८० आणि यू-१९५ अशा दोनच पाणबुड्या तयार झाल्या. साडेसत्त्याऐंशी मीटर लांबीच्या या पाणबुडीचे पृष्ठभागावरील विस्थापन (तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) १,६१० टन होते. पृष्ठभागावर तिने वेगाने धावावे म्हणून जलद टॉर्पेडो नौकांवरची सहा डीझेल इंजिने तिच्यात बसवली होती. त्यामुळे वेग २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) पुढे गेला, पण इंजिने तापत आणि दाट धूर ओकत. ज्या यानाचे सारे बळ लपण्यात, त्याचा ठावठिकाणा दुरून कळावा, ही रचनेतली मोठी चूक होती. एका मोहिमेनंतर ही इंजिने काढून टाकावी लागली.

बोस एप्रिल १९४१ पासून जर्मनीत होते. जर्मनीच्या मदतीने ब्रिटिशांविरुद्ध लढा उभारण्याची आशा मावळू लागली आणि जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत पोहोचल्या, तेव्हा पूर्वेकडे जाणे त्यांना अपरिहार्य वाटू लागले. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी सहकारी आबिद हसन यांच्यासह त्यांनी कील बंदर सोडले. पत्नी एमिली आणि जेमतेम अडीच महिन्यांची कन्या अनिता युरोपातच राहिल्या. या प्रवासाबद्दल कमालीची गुप्तता पाळण्यात आली होती. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चढून, ब्रिटनला वळसा घालून पाणबुडी अटलांटिकमध्ये उतरली. आत डीझेलचा वास, कोंदट हवा आणि हलायलाही अपुरी जागा. तरीही बोस रोज कामाला बसत. पुढच्या योजना व भाषणे ते तोंडी सांगत आणि आबिद हसन लिहून घेत.

या मोहिमेची एक बाजू आपल्याकडच्या वर्णनांत सहसा येत नाही. १८ एप्रिल १९४३ रोजी दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात यू-१८० ने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. जहाजावरचे बहुतेक लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी बोस पाणबुडीतच होते. त्यांना नेणे हे तिच्यावर सोपवलेले एक काम होते. शत्रूची जहाजे बुडवणे हे दुसरे, आणि ते थांबलेले नव्हते. मोहिमेच्या इतिहासात कॉर्बिसच्या खलाशांची नोंद बोस यांच्या प्रवासाइतक्याच ठळकपणे व्हायला हवी.

एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या समुद्रात जपानच्या आय-२९ पाणबुडीशी भेट झाली. समुद्र खवळलेला होता. दोन अवजड पाणबुड्या एकमेकींना लावणे शक्य नसल्याने त्या शेजारून चालत राहिल्या. २८ एप्रिल रोजी बोस आणि हसन रबरी होडीतून, अंगावर लाटा घेत, आय-२९ वर पोहोचले. दोन वेगवेगळ्या नौदलांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात नागरी प्रवाशांचे असे हस्तांतर त्या महायुद्धात दुसरीकडे झाल्याची नोंद सापडत नाही. जर्मन बाजूने तांत्रिक आराखडे आणि टोकियोतील जर्मन वकिलातीसाठीचे टपाल गेले. जपानकडून सुमारे दोन टन सोने आणि दोन जपानी नौदल अधिकारी यू-१८० वर आले. त्यांपैकी एक पाणबुडी-तज्ज्ञ हिदेओ तोमोनागा होते.

बोस मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले आणि तेथून विमानाने टोकियोला गेले. ४ जुलैला त्यांनी सिंगापुरात पूर्व आशियातील भारतीय स्वातंत्र्य चळवळीचे नेतृत्व स्वीकारले. त्यानंतर आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभी राहिली आणि तिला झाशीच्या राणीचे नाव मिळाले. त्याच जुलैच्या पहिल्या आठवड्यात यू-१८० फ्रान्समधील बोर्दो बंदरात परतली. वाटेत, ३ जूनला, तिने ‘बोरिस’ हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवले होते. कॉर्बिस आणि बोरिस यांची एकत्रित नोंदणीकृत क्षमता १३,२९८ टन होते.

बोर्दोत तिच्यात नवी इंजिने बसवून तिला मालवाहू पाणबुडी केले गेले. कप्तानपद रोल्फ रीझेन याच्याकडे आले. ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये झपाट्याने पुढे सरकत असताना, २० तारखेला, ती अतिपूर्वेकडे निघाली. बिस्केच्या उपसागरात दोन-तीन दिवसांतच तिचा संपर्क तुटला. सुरुंगावर आदळून ती बुडाली, असे बराच काळ मानले जात होते. आता ती बेपत्ता मानली जाते. पाणबुडीवरच्या सर्व ५६ जणांचा मृत्यू झाला. आय-२९ त्याच्या महिनाभर आधीच, २६ जुलै १९४४ रोजी, फिलिपाइन्सच्या उत्तरेस अमेरिकेच्या ‘सॉफिश’ पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली होती. यू-१८० ची जुळी यू-१९५ मात्र जावापर्यंत पोहोचली आणि मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करल्यावर जपानी नौदलाने ती ताब्यात घेतली.