मिनीच्या इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा कशी वाढत गेली

छोट्या गाडीचे इंजिन मॉडिफाय करून घेणारा माणूस आज बहुधा ईसीयू रिमॅपपासून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले आकडे बदलण्यापासून, सुरुवात करतो, आणि त्यात रेव्ह लिमिट, म्हणजे दर मिनिटाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा, पाचशे-हजार फेऱ्यांनी वर सरकवणे हे सर्वांत सोपे काम असते. हा आकडा संगणकात लिहिलेला असला तरी तो ठरतो पोलाद, स्प्रिंग, तेल आणि हवेचा प्रवाह यांवरून. ते कसे ठरते हे ज्या इंजिनाच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते, ते म्हणजे ब्रिटिश मिनीचे ए-सिरीज इंजिन. जवळपास पन्नास वर्षांच्या उत्पादनकाळात ट्यूनिंग करणाऱ्यांनी त्याची फेऱ्यांची मर्यादा पुन्हा पुन्हा वर ढकलली, आणि प्रत्येक वेळी एक कमकुवत भाग सुधारला की दुसरा उघडा पडला.

हे इंजिन प्रथम १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० या गाडीत आले. ते ८०३ सीसीचे होते आणि त्याची ताकद सुमारे २८ अश्वशक्ती होती. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यात), तिथून टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्या साखळीने वरचे व्हॉल्व्ह उघडायचे, आणि चार सिलिंडरांच्या पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला आधार फक्त तीन मेन बेअरिंगांचा, अशी त्याची रचना होती. त्या काळी ती सर्वसाधारणच मानली जात असे. आपल्याकडे कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ सीसीचे फियाट इंजिनही पुशरॉडचेच होते. काटकसरीच्या कुटुंबासाठी बांधलेल्या या इंजिनाकडून शर्यतीची अपेक्षा कोणी केली नव्हती.

१९५९ मध्ये सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी बाजारात येण्यापूर्वी तिच्या सुरुवातीच्या नमुना गाड्यांत ९४८ सीसीचे इंजिन होते. त्या गाड्या ठरवल्यापेक्षा बऱ्याच वेगवान निघाल्या. म्हणून स्ट्रोक (पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास) ७६.२ मिलिमीटरवरून ६८.२६ मिलिमीटरवर आणून इंजिन ८४८ सीसीचे करण्यात आले, आणि ३४ अश्वशक्ती ५,५०० फेऱ्यांवर मिळू लागली. वेगाला लगाम घालण्यासाठी आखूड केलेला हाच स्ट्रोक पुढे फेरे वाढवण्याच्या कामी आला, ही गोष्ट मला या इतिहासातली सर्वांत लक्षणीय वाटते.

त्याचे कारण पिस्टनच्या वेगात आहे. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. त्यामुळे स्ट्रोक जितका लांब तितका त्याच फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग जास्त. ८४८ सीसीच्या मिनीत ५,५०० फेऱ्यांवर हा वेग सेकंदाला साडेबारा मीटर होता. १९६१ मध्ये शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या आग्रहातून पहिली मिनी कूपर आली, तेव्हा जुन्या ब्लॉकचा बोअर (सिलिंडरचा व्यास) फार वाढवता येत नसल्याने स्ट्रोक ८१.२८ मिलिमीटरपर्यंत लांबवून ९९७ सीसी साधण्यात आले. तिची ५५ अश्वशक्ती ६,००० फेऱ्यांवर मिळत असे आणि तिथे पिस्टनचा वेग सेकंदाला सव्वासोळा मीटरवर पोहोचत असे. रस्त्यावर ही गाडी उत्तम होती, पण शर्यतीसाठी तिथून वर जायला फारशी जागा उरली नव्हती.

वाट सापडली ती फॉर्म्युला ज्युनियर या एकआसनी शर्यतींच्या प्रकारातून. तिथे १,१०० सीसीपर्यंतची, उत्पादनातल्या गाड्यांवर आधारलेली इंजिने चालत, आणि मिनी बनवणाऱ्या बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) अभियंते ए-सिरीजवर त्यासाठी काम करत होते. त्या अनुभवातून १९६३ मध्ये १,०७१ सीसीची कूपर एस उभी राहिली. ब्लॉकची लांबी तेवढीच ठेवून बाहेरचे दोन सिलिंडर आणखी बाहेर आणि मधले दोन एकमेकांजवळ सरकवल्यामुळे बोअर ७०.६ मिलिमीटर करता आला, आणि स्ट्रोक मात्र साध्या मिनीचाच, ६८.२६ मिलिमीटरचा राहिला. बोअर स्ट्रोकपेक्षा मोठा असलेले हे इंजिन सहज वर फिरत असे. १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्क यांनी याच १,०७१ सीसीच्या गाडीतून जिंकली.

त्याच वर्षी आलेले दोन प्रकार शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक हजार सीसीच्या शर्यत-गटासाठी ९७० सीसीचे इंजिन आले, त्याचा स्ट्रोक केवळ ६१.९१ मिलिमीटर, आणि १,३०० सीसीच्या गटासाठी १,२७५ सीसीचे आले, त्याचा स्ट्रोक ८१.३३ मिलिमीटर. बोअर दोघांचा एकच. छोटे इंजिन ९,००० फेऱ्यांवर असताना त्याच्या पिस्टनचा जो सरासरी वेग असतो, तो मोठ्या इंजिनात साधारण ६,८५० फेऱ्यांवरच गाठला जातो. म्हणूनच ‘मिनीचे इंजिन किती फेरे सहन करते’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. आधी स्ट्रोक विचारावा लागतो.

सरासरी वेगापेक्षाही घातक असते ते पिस्टनचे वरच्या टोकाला पोहोचून उलट फिरणे. त्या क्षणी त्याला खाली खेचणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० ऐवजी ८,००० फेरे केले की फेरे एक तृतीयांशाने वाढतात, पण ताण सुमारे ७८ टक्क्यांनी वाढतो. १,२७५ सीसीच्या इंजिनात ७,००० फेऱ्यांवर पिस्टन आणि त्याच्यासोबत हलणारे भाग मिळून चारशे ग्रॅम धरले, तरी पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरची ओढ अकराशे किलोच्या पुढे जाते. अख्ख्या मिनीचे वजनही त्याहून बरेच कमी आहे, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, लागते.

हा ताण सोसण्यासाठी कूपर एसला साध्या मिनीपेक्षा वेगळे पोलाद मिळाले. तिचा क्रँकशाफ्ट ईएन४०बी या मिश्रपोलादाचा, नायट्रायडिंग करून पृष्ठभाग कठीण केलेला होता. मेन बेअरिंगांचा व्यास पावणेदोन इंचांवरून दोन इंच झाला. रॉकर घडीव आले आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला पीळ शोषणारा डँपर बसला. तरीही आधार तीनच बेअरिंगांचा राहिला. दोन बेअरिंगांच्या मध्ये दोन-दोन सिलिंडरांचा भार असल्याने जास्त फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट मधून लवतो आणि मधल्या बेअरिंगची कॅप हलू लागते. शर्यतीची इंजिने बांधणारे या कॅपवर जाड पोलादी पट्टी बसवू लागले किंवा चार बोल्टांची नवी कॅप लावू लागले, ते याच कारणासाठी.

वरच्या बाजूची मर्यादा स्प्रिंगची होती. कॅम व्हॉल्व्ह उघडतो, पण बंद करण्याचे काम स्प्रिंगचे असते, आणि पुशरॉडच्या इंजिनात तिला व्हॉल्व्हसोबत रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट एवढे सगळे परत आणावे लागते. फेरे एका टप्प्यापुढे गेले की स्प्रिंग मागे पडते, टॅपेट कॅमवरून सुटते, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही आणि ताकद एकदम कोसळते. साध्या इंजिनात ही कमजोर स्प्रिंग नकळत पहारेकऱ्याचे काम करत असे, कारण तिच्यामुळे इंजिन धोक्याच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नसे. दुहेरी, कडक स्प्रिंग आणि शर्यतीचा कॅम बसवून, खालचा क्रँकशाफ्ट मात्र जुनाच ठेवला की हा पहारा उठतो. असे अर्धवट काम मला सर्वांत धोक्याचे वाटते.

तिसरी अडचण श्वासाची. ए-सिरीजच्या हेडला (सिलिंडरांवरच्या भागाला) पाचच पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटा, होते: पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरांना मिळून आत येणारी एक वाट (इनलेट), तिसऱ्या-चौथ्यांना मिळून दुसरा, आणि मधल्या दोघांची बाहेर जाणारी वाटही (एक्झॉस्ट) सामाईक. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्याने सामाईक इनलेटवर आधी आतला सिलिंडर श्वास घेतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर लगेच बाहेरचा. कॅम जितका तिखट, म्हणजे व्हॉल्व्ह जितका जास्त वेळ उघडा ठेवणारा, तितके हे दोन श्वास एकमेकांत मिसळतात आणि आतल्याच्या वाट्याचे मिश्रण शेवटी बाहेरचा ओढून घेतो. डाउंटन इंजिनिअरिंगचे डॅनियल रिचमंड यांनी याच पाच पोर्टांच्या हेडला आकार देण्याचे काम फार वरच्या दर्जाला नेले. पुढे शर्यतींत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट देणारी आठ पोर्टांची हेड आणि इंधन इंजेक्शन आले. १९६९ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा अ‍ॅलेक पूल यांनी एक हजार सीसीच्या गटातल्या कूपर एसने जिंकली, ती याच काळात.

या सगळ्या वर्षांत मिनीत लिमिटर नव्हताच. शर्यतीचा चालक फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या काट्यावर लक्ष ठेवून गिअर बदलत असे. लोटस एलानसारख्या काही गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) रोटरवर स्प्रिंगने धरलेला छोटा तुकडा असे. ६,५०० फेऱ्यांच्या आसपास तो बाहेर फेकला जाऊन ठिणगी तोडत असे. मिनीत १९९० च्या दशकात इंजेक्शन आणि ईसीयू आले आणि हे काम सॉफ्टवेअरकडे गेले. पण इंधन किंवा ठिणगी तोडणारा कोणताही लिमिटर फक्त इंजिनाने स्वतः वाढवलेले फेरेच अडवू शकतो. वेगात असताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि तिथे लिमिटरचा काही उपयोग होत नाही.

उत्पादन २००० मध्ये थांबल्यावरही हे काम थांबलेले नाही. बीएमडब्ल्यूच्या के-मालिकेतील मोटरसायकलचे सोळा व्हॉल्व्हांचे, वर दोन कॅमशाफ्ट असलेले हेड ए-सिरीजच्या ब्लॉकवर बसवण्याची पद्धत रुळली आहे. त्यामुळे पुशरॉड आणि रॉकर निघून जातात, सामाईक पोर्टांचा प्रश्न मिटतो आणि स्प्रिंगवरचा भार हलका होतो. असे इंजिन बांधणारे मग आपला बराचसा खर्च ब्लॉकच्या खालच्या भागावर करतात: नवा पोलादी क्रँकशाफ्ट, मजबूत कनेक्टिंग रॉड, आणि १९५१ पासून तिथेच असलेल्या मधल्या मेन बेअरिंगसाठी आणखी जाड कॅप.