लाल-पिवळा-हिरवा हा जमैकाचा झेंडा नव्हे

रेगे या संगीतप्रकाराच्या गायकांच्या लोकरी टोप्यांवर दिसणारे लाल, पिवळा, हिरवा हे जमैकाच्या झेंड्याचे रंग आहेत, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. समज स्वाभाविकच आहे. रेगेचा जन्म जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा. पण जमैकाच्या झेंड्यात लाल रंग मुळी नाहीच. 6 ऑगस्ट 1962 ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासून तो हिरवा, काळा आणि मधोमध सोनेरी फुली असा आहे.

मग लाल आला कुठून? इथिओपियातून. तिथे 1930 मध्ये नव्या सम्राटाचा राज्याभिषेक झाला. त्याला दैवी मानणारा रास्ताफारी पंथ जमैकातल्या गरिबांत उभा राहिला आणि त्याने इथिओपियाचे रंग आपलेसे केले. रेगे आला 1960 च्या दशकाअखेर. त्याचे अनेक नामवंत गायक रास्ताफारी होते, आफ्रिकेच्या मुक्तीसाठी गाणारे. 1980 मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यातही रेगे वाजलं. म्हणजे ही फॅशन कमी आणि भूमिका जास्त. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गळतं.

पडताळायचं असेल तर दोन्ही देशांचे झेंडे शेजारी ठेवून पाहा. किंवा ऑलिंपिकमधल्या जमैकन धावपटूंचे जुने फोटो काढा: पिवळा, हिरवा, काळा.