तुर्की कॉफीत साखर आधी का विचारतात?

इस्तंबूलमध्ये कुणाकडे कॉफी प्यायला गेलात, तर भांडं आचेवर चढण्याआधीच प्रश्न येतो: साखर किती? ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘ओर्ता’ म्हणजे मध्यम गोड. मागाहून साखर घालायची सोय नाही.

कारण ही कॉफी गाळतच नाहीत. पिठासारखी बारीक पूड, पाणी आणि साखर एकत्रच तापवतात. पाण्यातला कण किती वेगाने तळाशी बसेल, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. कण दहापट बारीक असेल तर तो शंभरपट सावकाश बसतो. म्हणून कप हातात आला तरी जरा थांबायचं, सोबतच्या पाण्याने तोंड स्वच्छ करायचं, आणि चमचा अजिबात फिरवायचा नाही. फिरवला की बसलेला गाळ पुन्हा वर येतो.

खरा मान असतो तो फेसाला. बिनफेसाची कॉफी पाहुण्यापुढे ठेवणं यजमानाला कमीपणाचं वाटतं. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. पूड तापली की तो सुटतो, आणि कॉफीतले प्रथिनांसारखे मोठे रेणू त्याच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. ‘जेझ्वे’ हे लांब दांड्याचं, आतून कल्हई केलेलं तांब्याचं भांडं बुडाशी रुंद आणि गळ्याशी अरुंद असतं, त्यामुळे वर चढणारा फेस गळ्यात दाटतो. दूध उतू जाताना चढतं तसा तो एकाएकी चढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी भांडं उचलावं लागतं. खळखळ उकळी फुटू दिली तर वाफेचे मोठे बुडबुडे सगळा फेस मोडून टाकतात. जाणती माणसं आधी चमच्याने प्रत्येक कपात थोडा थोडा फेस वाटतात, उरलेली कॉफी पुन्हा तापवतात आणि कपाच्या कडेने हळूच ओततात. या सगळ्या रिवाजात मला सर्वांत सुंदर वाटते ती ही वाटणी.

मुलगी बघायला आलेल्या मंडळींना मुलीनेच कॉफी द्यायची, आणि नवऱ्या मुलाच्या कपात मीठ घालायचं, अशीही रीत आहे. चिमूटभर मिठातला सोडियम जिभेला जाणवणारा कडूपणा खरंच कमी करतो. पण इथे मीठ सढळ हाताने पडतं, आणि मुलगा तोंड वाकडं न करता कप संपवतो का, हे सगळे बघतात.

कॉफी पिऊन झाली की कप बशीवर पालथा घालतात. ओला गाळ भिंतीवरून ओघळतो, कुठे जाड तर कुठे पातळ चिकटतो, आणि त्या नक्षीत भविष्य वाचलं जातं. भविष्यावर माझा विश्वास नाही, पण त्या निमित्ताने गप्पा मात्र लांबतात. २०१३मध्ये युनेस्कोने तुर्की कॉफीच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं, कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टर ते बरंचसं अडवतो. इथे फिल्टरच नाही. कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं असेल, तर ही कॉफी रोज, कपामागून कप पिऊ नये.