जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद

जपान आणि अमेरिका या देशांतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींनी स्वतः भरवलेली वार्षिक परिषद. स्थापना १९३४. जपानीत तिला ‘निचिबेई गाकुसेई काईगी’ म्हणतात. ‘निचि’ म्हणजे जपान, ‘बेई’ म्हणजे अमेरिका; अमेरिकेसाठी लिहिले जाणारे हे अक्षर मुळात तांदळाचे आहे. एक वर्ष जपानमध्ये, तर पुढचे अमेरिकेत, असा तिचा शिरस्ता आहे. दोन देशांतल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचे कार्यक्रम आज पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक सरकारने किंवा विद्यापीठाने आखलेले असतात. ही परिषद मात्र पहिल्यापासून विद्यार्थ्यांची आहे आणि तिचे खरे मोल तिथेच आहे.

तिचा जन्म झाला तो काळ मैत्रीचा नव्हता. १९२४ च्या अमेरिकन कायद्याने जपानी स्थलांतरितांना दार बंद केले होते आणि तो अपमान जपानमध्ये कोणी विसरले नव्हते. १९३१ मध्ये जपानी सैन्याने ईशान्य चीनमधला मांचुरिया घेतला आणि तिथे ‘मांचुकुओ’ नावाचे बाहुले राज्य उभे केले. अमेरिकेने त्याला मान्यता नाकारली. १९३३ मध्ये जपान राष्ट्रसंघातून (लीग ऑफ नेशन्समधून) बाहेर पडला. दोन्ही सरकारांमधला संवाद आटत चालल्याचे पाहून टोकियोतल्या काही विद्यार्थ्यांनी ठरवले की आपणच बोलायला सुरुवात करू. आओयामा गाकुइन या टोकियोतल्या शिक्षणसंस्थेचा विद्यार्थी नामिजी इताबाशी हा त्यांच्यातला एक. चौघे जण बोटीने अमेरिकेला गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे येण्याचा आग्रह करून परतले. त्यांच्या शब्दावर ९९ अमेरिकन विद्यार्थी जपानला आले. विशीतल्या चार पोरांनी समुद्र ओलांडून, परक्या भाषेत बोलून शंभराला एक कमी इतकी माणसे जमवावीत, ही गोष्ट आजही थक्क करते.

पहिली परिषद आओयामा गाकुइनमध्ये भरली. ती संपल्यावर यजमानांनी पाहुण्यांना देश दाखवला आणि मांचुकुओलाही नेले. या भेटीकडे भाबडेपणाने पाहता येत नाही. ज्या भूमीवरून भांडण पेटले होते तिथे पाहुण्याला नेले, की यजमानाला जे दाखवायचे असते तेच त्याच्यापुढे येते. परिषदेच्या इतिहासातली ही अडचणीची जागा आहे आणि ती झाकून ठेवू नये.

अमेरिकन विद्यार्थ्यांनी परतफेड लगेच केली. १९३५ ची परिषद त्यांनी ओरेगन राज्यातल्या रीड कॉलेजात भरवली. त्यानंतर वासेदा, स्टॅनफर्ड, केइओ आणि लॉस एंजेलिसचे दक्षिण कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांचा क्रम चालला. बाहेर वातावरण बिघडतच होते. १९३७ च्या जुलैत चीन-जपान युद्ध भडकले, तरी त्या वर्षी स्टॅनफर्डला परिषद झाली. १९३९ च्या जुलैत अमेरिकेने जपानशी असलेला व्यापार करार मोडत असल्याची नोटीस दिली. त्याच वर्षी जपानी विद्यार्थी लॉस एंजेलिसमध्ये होते. युद्धापूर्वीची शेवटची, म्हणजे सातवी परिषद १९४० मध्ये टोकियोच्या त्सुदा महाविद्यालयात झाली. हे मुलींचे महाविद्यालय त्सुदा उमेको यांनी १९०० मध्ये काढले. उमेको स्वतः १८७१ मध्ये, अवघ्या सहा वर्षांच्या असताना, शिकण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या. १९४० च्याच सप्टेंबरात जपानने जर्मनी आणि इटलीशी त्रिपक्षीय करार केला. पुढच्या वर्षी परिषद भरली नाही. डिसेंबरात पर्ल हार्बर झाले.

परिषदेने युद्ध टळले नाही, म्हणून ती वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३९ च्या तुकडीत टोकियो शाही विद्यापीठाचा कीइची मियाझावा होता. योको इजिची या सहकारी प्रतिनिधीशी त्याची ओळख तिथेच झाली आणि पुढे दोघांनी लग्न केले. युद्ध संपल्यावर हेच मियाझावा अर्थखात्यातले अधिकारी म्हणून अमेरिकनांशी बोलणी करत राहिले, १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेला गेले आणि १९९१ ते १९९३ या काळात जपानचे पंतप्रधान झाले. अमेरिकन बाजूचे सर्वांत गाजलेले नाव पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या हेन्री किसिंजर यांचे. ते १९५१ च्या परिषदेत होते.

युद्धानंतर १९४७ मध्ये जपानमध्ये परिषद पुन्हा सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यात ती खंडली आणि १९६४ मध्ये, पहिल्या परिषदेला तीस वर्षे होत असताना, रीड कॉलेजातच पुन्हा उभी राहिली. मधल्या खंडांमुळे २०१८ ची परिषद सत्तरावी मोजली गेली. २०२० मध्ये करोनामुळे ती ऑनलाइन भरवावी लागली.

साधारणपणे दोन्ही देशांचे मिळून सत्तरेक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत तीन-चार आठवडे एकत्र राहतात. मुक्काम एका जागी नसतो. तीन-चार शहरे किंवा प्रांत पालथे घातले जातात. वसतिगृहातली खोली, बसमधली शेजारची जागा, जेवणाचे टेबल, काही दिवस स्थानिक कुटुंबात राहणे, हे सगळे परिषदेतच मोडते. निवडलेल्या जपानी विद्यार्थ्यांची आधी वसंतात शिबिरात तयारीही करून घेतली जाते.

कामाचा कणा म्हणजे ‘राउंड टेबल’. प्रत्येक गटात दोन्ही देशांचे मोजके विद्यार्थी आणि प्रत्येक बाजूचा एक प्रमुख. विषय सुरक्षा, व्यापार, पर्यावरण, लिंगभाव, असे वर्षागणिक बदलतात. भाषा इंग्रजी, आणि खरी परीक्षा इथेच होते. अमेरिकन मुलगा दुसऱ्याचे वाक्य संपायच्या आत बोलू लागतो. जपानी मुलगी मध्ये मोकळी जागा मिळण्याची वाट पाहते आणि ती जागा येतच नाही. पहिल्या आठवड्यात एका बाजूला वाटते की समोरच्यांना मतच नाही, आणि दुसरीला वाटते की समोरच्यांना ऐकायचेच नाही. एखादा गट मग थांबतो, बोलण्याची पाळी ठरवतो, शब्द अडला तर जपानीतून सांगायची मुभा देतो. त्यानंतर हिरोशिमा, ओकिनावातले अमेरिकन तळ असे दुखरे विषय निघाले तरी चर्चा तुटत नाही. शेवटी गट आपली मांडणी जाहीर सभेत लोकांसमोर करतात.

दोन्ही देशांत पाठीशी ना-नफा संस्था आहेत, त्या पैसा आणि कागदपत्रांची बाजू सांभाळतात. बाकी सारे ठरवते ती कार्यकारी समिती. परिषद संपत आली की प्रतिनिधी आपल्यातूनच पुढच्या वर्षाची समिती निवडतात, बहुधा प्रत्येक देशाचे आठ. कालपर्यंत पाहुणे असलेल्या या सोळा जणांवर आता शहरे निवडण्यापासून विषय ठरवणे, वक्ते गाठणे, देणगीदारांच्या पायऱ्या झिजवणे आणि नवे प्रतिनिधी निवडण्यापर्यंत सगळे येते. विमानतळावर निरोप घेतल्यावर पुढचे वर्षभर त्यांची गाठ पडद्यावरच पडते. टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. बैठकीची वेळ धरायची ती अशीच.