वेगविक्रमी गाड्यांच्या तळाचे नियम कसे घडले

वेगविक्रमासाठी मिठाच्या मैदानावर उतरणाऱ्या गाडीची तपासणी म्हटली की रोल केज (गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), पॅराशूट आणि अग्निशामक यंत्रणा डोळ्यांसमोर येते. चालकाच्या पायांखालच्या तळाचा विचार मात्र उशिरा झाला आणि त्या उशिराची किंमत चालकांना मोजावी लागली.

अशा वेगचाचण्या भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था 1937 मध्ये स्थापन झाली, तेव्हा कोरड्या सरोवरांवर धावणाऱ्या गाड्या बहुतांशी जुन्या फोर्ड रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाच्या गाड्या, होत्या. मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्यांत पायांखाली लाकडी फळ्या असत. त्यांत पेडलांसाठी खाचा कापलेल्या असत आणि फळ्यांच्या पलीकडे लगेच फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेले जड चाक, फिरत असे. रोजच्या वापराला एवढे पुरेसे होते. 1932 च्या फोर्ड व्ही-8 इंजिनाची 65 अश्वशक्ती मिनिटाला 3,400 फेऱ्यांवर मिळत असे. तेच इंजिन शर्यतीसाठी 5,000 फेऱ्यांपलीकडे नेले की फ्लायव्हीलवरचा ताण दुपटीहून अधिक होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील फुटले तर तुकडे परिघातून चहूबाजूंना सुटतात आणि त्यांतले काही थेट वर, पायांकडे येतात. त्यांच्यापुढे फळीचा काय, साध्या पत्र्याचाही टिकाव लागत नाही. म्हणूनच क्लचभोवती जाड पोलादी कवच, म्हणजे स्कॅटर शील्ड, आणि तुटलेला ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारा दांडा) तळ फोडून आत येऊ नये यासाठी त्याभोवती पोलादी कडे बसवण्याची पद्धत रुजली.

तरीही धोका संपला नाही. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. ही ड्रॅग शर्यत, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ पट्ट्यावरची वेगळ्या प्रकारची शर्यत होती, पण क्लच, कवच आणि फ्लायव्हील दोन्हीकडे सारखेच असते. पुढे 1978 मध्ये स्थापन झालेल्या एसएफआय फाउंडेशनने अशा सुट्या भागांसाठी चाचणीची मानके ठरवली.

तळाचे दुसरे काम अपघातात दिसते. सप्टेंबर 1960 मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ब्रिटिश वेगविक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ गाडी ताशी सुमारे 580 किलोमीटर वेगात उलटली. त्यांच्या कवटीला इजा झाली, तरी ते वाचले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दोन पत्र्यांमध्ये बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या त्या सांगाड्याने चालकाचा कप्पा शाबूत ठेवला होता. माझ्या मते तळाकडे झाकण म्हणून न पाहता सांगाड्याचा भाग म्हणून पाहणे किती महत्त्वाचे आहे, हे याहून स्पष्टपणे दाखवणारी घटना विरळाच.

याउलट, दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांच्या जादा इंधन-टाक्यांतून हौशी मंडळींनी ज्या गाड्या घडवल्या, त्यांचे बाह्यांग मुळात हवेतून फेकून देण्यासाठी बनवलेल्या पातळ पत्र्याचे होते. अशा गाडीत आसन आणि पट्टे या पत्र्याच्या भरवशावर सोडून चालत नाही. ते आतल्या चासीला, म्हणजे मूळ सांगाड्याला, किंवा रोल केजलाच जोडावे लागतात. ड्रॅग शर्यतींच्या नियमांत मूळ तळ नसलेल्या गाडीला चालकाच्या कप्प्याच्या पूर्ण लांबी-रुंदीचा पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा तळ सक्तीचा आहे, कारण टायरचे तुकडे, खालून येणारी आग आणि उलटताना बाहेर जाणारे पाय या तिन्हींना आडवी येणारी वस्तू तेवढी एकच असते.