एसएनके

एसएनके : व्हिडिओ गेम बनवणारी जपानी कंपनी. मुख्यालय ओसाका. एइकिची कावासाकी यांनी १९७८ मध्ये ‘शिन निहोन किकाकू’ या नावाने ती काढली. मराठवाड्यात ज्यांनी १९९० नंतर शाळा किंवा शिकवणी सुटली की गेम पार्लरची वाट धरली, त्यांना हे नाव क्वचितच माहीत होते. पण यंत्र चालू करताच पडद्यावर झळकणारे ‘नियो जिओ’ आणि त्याखालचे ‘मॅक्स ३३० मेगा’ त्यांच्या डोळ्यांपुढे आजही उभे राहते.

नियो जिओ ही यंत्रप्रणाली या कंपनीच्या भरभराटीची किल्ली. त्याआधी पार्लरमालकाला नवा गेम हवा असेल तर बहुधा यंत्रातला पूर्ण बोर्ड (गेम चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) बदलावा लागे. एसएनकेने १९९० मध्ये नियो जिओचा एमव्हीएस नावाचा बोर्ड आणला. तो यंत्राच्या कपाटात कायम राहायचा, बदलायची ती फक्त कॅसेट. एक, दोन, चार किंवा सहा कॅसेटी बसणारे बोर्ड होते, म्हणजे एकाच कपाटात मुलांना गेम निवडता येई. आत मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर आणि जोडीला झेड८० होता. कमी भांडवलाच्या पार्लरवाल्यासाठी यापेक्षा सोयीचे काही नव्हते, आणि म्हणूनच हा बोर्ड जगभर पसरला. त्याच घडणीचे घरगुती यंत्र मात्र अमेरिकेत सुमारे ६५० डॉलरला विकले जाई. १९९१ मध्ये तिथे आलेले निन्टेंडोचे नवे यंत्र १९९ डॉलरला मिळत होते. घराघरांत शिरण्याची संधी एसएनकेने तिथेच गमावली.

गेम मात्र अव्वल होते. कॅपकॉम या दुसऱ्या जपानी गेम कंपनीत पहिला ‘स्ट्रीट फायटर’ घडवणारे ताकाशी निशियामा एसएनकेत आले आणि १९९१ मध्ये ‘फेटल फ्युरी’ हा मारामारीचा गेम आला. १९९४ पासून ‘किंग ऑफ फायटर्स’ दरवर्षी नव्या सालाच्या नावाने येऊ लागला. त्यात दोन्ही बाजूंनी तीन-तीन खेळाडू. चार बटणे : ए हलका ठोसा, बी हलकी लाथ, सी जोराचा ठोसा, डी जोराची लाथ. लातूर, नांदेड, परभणीच्या पार्लरांमध्ये ९७ सालचा भाग सर्वांत जास्त रमवणारा. रुपयाचे नाणे टाकायचे, हरला की उठायचे. जिंकणाऱ्याला उठवायला मागे रांग. त्यातल्या इओरी या पात्राचा डाव कोणाला जमतो यावर त्या गल्लीतली पत ठरे. ‘मेटल स्लग’ (१९९६) दोघांनी मिळून खेळायचा. नवी बंदूक उचलली की येणारी ‘हेवी मशीन गन’ ही आरोळी बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाई. (शेजारच्या यंत्रावरचा ‘मुस्तफा’, म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम, मात्र कॅपकॉमचा, अनेकांच्या आठवणीत दोन्ही कंपन्या एकत्र झाल्या आहेत.) भारनियमनात वीज गेली की रंगलेला डाव तिथेच बुडायचा, आणि रुपया परत मागण्यावरून होणारी वादावादी ठरलेली.

या पार्लरांतला बराचसा माल नकली बोर्डांचा आणि एकाच कॅसेटमध्ये अनेक गेम कोंबलेल्या नकलांचा होता. त्यातला पैसा ओसाकाला पोचला नाही. पण कंपनी बुडाली ती यामुळे नव्हे. ज्या बोर्डाने तिला वर आणले, त्यालाच ती फार काळ चिकटून राहिली. १९९५ च्या सुमारास सोनीचे प्लेस्टेशन त्रिमितीय गेम घरात घेऊन आले आणि पार्लरची गर्दी ओसरू लागली. १९९७ चा ‘हायपर नियो जिओ ६४’ हा त्रिमितीय बोर्ड अवघ्या सात गेमांवर थांबला. १९९८ चे ‘नियो जिओ पॉकेट’ हे हातातले यंत्र चांगले होते, तरी निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’पुढे टिकले नाही.

जानेवारी २००० मध्ये पाचिस्लो ही जपानी जुगारयंत्रे बनवणाऱ्या अरुझे कंपनीने एसएनके विकत घेतली. तिला रस जुगारयंत्रांत होता, गेममध्ये नव्हे. त्याच वर्षी पॉकेट अमेरिका व युरोपातून मागे घेतले गेले. निशियामा बाहेर पडले आणि त्यांनी डिम्प्स ही कंपनी काढली. इतरही अनेक जण गेले. ऑक्टोबर २००१ मध्ये एसएनके दिवाळखोर ठरली. ज्या माणसांच्या हातात ही कला होती तीच पांगली, हे कर्जापेक्षा मोठे नुकसान होय. २००१ चा ‘किंग ऑफ फायटर्स’ कोरियातल्या इओलिथ कंपनीच्या साहाय्याने निघाला आणि आधीच्या भागांच्या तुलनेत तो उणा वाटतो.

गेमांचे हक्क कावासाकींच्याच प्लेमोर या नव्या कंपनीकडे आले. २००३ मध्ये तिचे नाव एसएनके प्लेमोर झाले. नियो जिओवरचा शेवटचा अधिकृत गेम २००४ मध्ये आला. तोवर सायबर कॅफेतल्या संगणकांवर इम्युलेटर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारी सॉफ्टवेअर) बसले होते आणि पार्लरमधले गेम तिथे बिननाण्याचे चालत. पुढे चिनी गुंतवणूकदार आले, २०१६ मध्ये कंपनीला पुन्हा नुसते एसएनके हे नाव मिळाले आणि आता बहुतांश मालकी सौदी अरेबियाच्या युवराजांच्या मिस्क प्रतिष्ठानाकडे आहे. १९९९ नंतर थांबलेली ‘फेटल फ्युरी’ मालिका एप्रिल २०२५ मध्ये ‘सिटी ऑफ द वुल्व्ह्ज’ या भागाने पुन्हा सुरू झाली.